परक्याची मदत आणि आपले मत
(दातिवरे येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढे जो विषय मांडणार आहे, तो गावच्या विहिरीचा नाही, स्मशानाच्या जागेचा नाही आणि मुलांच्या दाखल्यांचाही नाही. त्यामुळे तुमच्यापैकी काहींच्या मनात प्रथम असे येईल की, हा विषय दिल्लीच्या लोकसभेत शोभला असता. वैतरणेच्या मुखावरील दातिवऱ्यात त्याचे काय काम? एखाद्या देशावर बलाढ्य शेजाऱ्याने स्वारी केली तर इतर देशांनी त्याला शस्त्रे, पैसा व औषधे द्यावीत की नाही; आणि ज्याच्यावर स्वारी झाली त्याने ती मदत कोणत्या अटींवर घ्यावी, हा तो विषय होय. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर फौजा घातल्या आणि हा वाद साऱ्या जगात पेटला. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वारीच्या निषेधाचा ठराव आला. १४१ राष्ट्रांनी त्यास अनुकूल मत दिले, ५ राष्ट्रांनी विरुद्ध दिले, ३५ तटस्थ राहिली. त्या ३५ राष्ट्रांत आपला भारत होता.

या प्रश्नावर आपल्या घरांतील तरुण मुले दोन शंका काढतात. पहिली अशी की, आपण पंचशील घेतले आहे; प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे व्रत घेतलेल्या माणसाने दुसऱ्याला तोफा देण्याच्या बाजूने कसे बोलावे? दुसरी शंका अधिक कडवट आहे. ती अशी की, ज्यांना स्वतःच्या गावात अजून मान मिळत नाही, त्यांनी देशोदेशींच्या लढायांवर मत तरी कशाला द्यावे? या दोन्ही शंका प्रामाणिक आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिल्या शंकेचे उत्तर फार लांबचे नाही. बाबासाहेबांनी लिहिलेला ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ तुमच्या घरी असेल. त्यात वैशालीचा सेनापती सीह भगवंतांकडे जातो आणि हाच प्रश्न विचारतो. अपराध्याला शासन करणे आणि न्यायाच्या रक्षणासाठी युद्ध करणे तथागतांना निषिद्ध आहे काय, असे तो विचारतो. शांततेचे सर्व उपाय थकल्यानंतर न्यायाकरिता लढणारा दोषी ठरत नाही. दोष युद्ध उभे करणाऱ्याच्या माथी जातो, असा त्या उत्तराचा आशय आहे. याच ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो आणि तरुण सिद्धार्थ भर संघसभेत उभा राहून त्याला विरोध करतो. बहुमत त्याच्या विरुद्ध जाते, तरी तो आपले मत सोडत नाही. हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचावयाचे असतात. युद्ध नाकारणाराही तोच, आणि अन्यायापुढे शरण जा असे न सांगणाराही तोच. तेव्हा, पंचशील घेतल्यामुळे या वादात तोंड उघडण्यास बंदी झाली असे कोणी समजू नये. प्रत्येक वेळी विचारावयाचे ते एवढेच की, नदीचे पाणी वाटून घेण्याची वाट अजून शिल्लक होती की नव्हती.

आता दुसऱ्या शंकेकडे वळतो. तिच्यासाठी मी तुम्हाला युक्रेनमध्ये नेत नाही. १९६२ सालच्या आपल्याच देशात नेतो. त्या साली मदत मागणारा देश भारत होता.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनच्या फौजांनी लडाख आणि ईशान्य सीमा प्रदेश या दोन्ही बाजूंनी हल्ला केला. आठवड्याभरात, २६ ऑक्टोबरला, राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारली. जो देश पंधरा वर्षे दोन्ही गटांपासून दूर राहण्याचा उपदेश जगाला करीत होता, त्याला अमेरिका आणि ब्रिटन यांच्यापुढे हात पसरावा लागला. नोव्हेंबरात शस्त्रे विमानांनी येऊ लागली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन हे त्याच साली उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींचा पराभव करून निवडून आले होते. त्यांना पद सोडावे लागले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण त्यांच्या जागी गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ आहे. सह्याद्री धावला हे खरे. परंतु चव्हाणांच्या शपथविधीच्या दिवशीच, २१ नोव्हेंबरला, चीनने आपण होऊन युद्ध थांबविल्याचे जाहीर केले होते, हे त्या वाक्यात येत नाही.

या मदतीवरून देशात जो वाद झाला तो समजून घेण्यासारखा आहे. राजाजींच्या स्वतंत्र पक्षाचे म्हणणे असे की, तटस्थतेचे ढोंग आता पुरे झाले, पाश्चात्त्य राष्ट्रांशी उघड मैत्री करा. पंडित नेहरूंचे म्हणणे असे की, शस्त्रे घेऊ, पण गटात जाणार नाही. साम्यवादी पक्ष तर आतून दुभंगला. आपल्या मुंबईचे श्रीपाद अमृत डांगे त्या वेळी पक्षाचे अध्यक्ष होते. १ नोव्हेंबरला पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध केला आणि व्यापारी तत्त्वावर कोणत्याही देशाकडून शस्त्रे विकत घेण्यास आपली हरकत नाही असे म्हटले. दुसऱ्या गटास हे मान्य झाले नाही आणि १९६४ साली पक्षाची दोन शकले झाली. लोकसभेने १४ नोव्हेंबरला आक्रमकास हुसकावून लावण्याची जी प्रतिज्ञा केली, तिच्यात मित्रराष्ट्रांच्या नैतिक व साहित्यरूपी साह्याबद्दल कृतज्ञता नमूद आहे. बोलावयाचे ते सर्वांनी बोलून घेतले होते. ठराव मात्र एकमुखाने झाला.

बाहेरच्या जगात काय झाले तेही ऐका. घानाचे अध्यक्ष न्क्रुमा यांनी ब्रिटनच्या पंतप्रधानांना पत्र लिहून, भारताला लष्करी साह्य देण्याने भांडण चिघळेल अशी चिंता व्यक्त केली. ज्यांच्या स्वातंत्र्यासाठी भारताने आवाज उठविला होता, त्यांच्याकडून हे आले. रशियाच्या ‘प्रावदा’ने २५ ऑक्टोबरला चीनच्या प्रस्तावास पाठिंबा दिला. डिसेंबरात कोलंबो येथे सहा राष्ट्रे जमली : सिलोन, ब्रह्मदेश, कंबोडिया, इंडोनेशिया, इजिप्त आणि घाना. यांपैकी तीन बौद्धबहुल देश होत, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. त्यांनी मध्यस्थीचे प्रस्ताव केले, परंतु आक्रमक कोण हे सांगण्याचे टाळले. त्या वेळी भारतीयांना जे वाटले असेल, तेच ६० वर्षांनी युक्रेनच्या माणसाला आमसभेतील ३५ राष्ट्रांची यादी वाचताना वाटले असेल. रशियाकडून आपल्याला शस्त्रे मिळतात, सुरक्षा परिषदेत त्याने आपली बाजू अनेकदा राखली आहे, ही कारणे मी क्षुल्लक मानीत नाही. पण १९६२ साली जो दारोदार हिंडला, त्याच्या जिभेला ‘निषेध’ हा शब्द इतका जड व्हावा, हे मला पटत नाही.

मदत देणाऱ्याचाही हिशेब असतो. नोव्हेंबर संपण्यापूर्वीच अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे सँडिस दिल्लीस आले आणि काश्मीरसंबंधी पाकिस्तानशी बोलणी सुरू करण्याचा आग्रह धरू लागले. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ पर्यंत बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या. निष्पन्न काही झाले नाही. डिसेंबरातच केनेडी आणि मॅकमिलन यांनी नसाऊ येथे भारतासाठी १२ कोटी डॉलरपर्यंतचे लष्करी साह्य ठरविले होते, निम्मे अमेरिकेचे आणि निम्मे ब्रिटन व राष्ट्रकुलाचे. पुढे सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध जुंपताच अमेरिकेने दोन्ही देशांचे लष्करी साह्य बंद केले.

परंतु या साऱ्यात सर्वांत मोठी गोष्ट जनतेला ठाऊकच नव्हती. १९ नोव्हेंबर १९६२ रोजी नेहरूंनी केनेडींना दोन पत्रे पाठविली आणि अमेरिकन वैमानिकांसह लढाऊ विमानांच्या १२ तुकड्या, शिवाय बॉम्बफेकी विमानांच्या २ तुकड्या मागितल्या. लोकसभेला याची वार्ता नव्हती. १९६५ साली सुधीर घोष यांनी राज्यसभेत या मागणीचा उल्लेख केला तेव्हा मोठी खळबळ उडाली. पत्रांचा पूर्ण मजकूर अमेरिकेत लोकांसाठी खुला झाला तो २०१० साली. म्हणजे मैदानावर, कारखान्याच्या फाटकावर, एस.टी.च्या थांब्यावर ‘शस्त्रे घ्यावीत, पण परके सैनिक नकोत’ असा वाद लोक घालीत होते, आणि ज्याविषयी वाद चालला होता ते कागद पेटीत बंद होते. युद्धकाळात काही गोष्टी गुप्त राखाव्या लागतात हे मी जाणतो. ४८ वर्षे राखाव्या लागतात, हे मात्र मान्य करता येत नाही.

आता बाबासाहेबांनी याविषयी काय सांगितले होते ते पाहू. कारण १९६२ पाहण्यास ते नव्हते, तरी त्यांनी त्याचा अंदाज केला होता. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर १० ऑक्टोबरला त्यांनी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात हिंदू कोड बिलाबरोबर परराष्ट्र धोरणाचेही कारण आहे. आपल्याकडे पुष्कळ लोक त्यातील पहिले कारण वाचतात आणि दुसरे सोडून देतात. देशाचे वार्षिक उत्पन्न ३५० कोटी रुपये आणि त्यांतील १८० कोटी सैन्यावर खर्च, असा आकडा देऊन त्यांनी विचारले होते की, हा भार आपल्याला एकट्याने का उचलावा लागतो? प्रसंग आला तर धावून येईल असा मित्र आपण ठेवला नाही, हे त्याचे कारण त्यांनी सांगितले. त्या उरलेल्या पैशातून शाळा आणि दवाखाने होणार होते, हे ध्यानात घ्या, म्हणजे परराष्ट्र धोरणाचा आणि तुमच्या वस्तीचा संबंध काय ते कळेल.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते पुन्हा बोलले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनशी तिबेटविषयी करार झाला होता आणि त्यास पंचशीलाचे नाव दिले होते. आपल्या धम्मातील नाव राजकारण्यांनी असे उचललेले पाहून बाबासाहेबांनी विचारले की, माओंची पंचशीलावर तिळभर जरी श्रद्धा असती तर आपल्या देशातील बौद्धांना त्यांनी असे वागविले असते काय? ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सरहद्द आपल्या दारापर्यंत आणून ठेवली, असेही ते म्हणाले. हे मत त्या वेळी कोणाला रुचले नाही. ‘भाई भाई’च्या घोषणांचे ते दिवस होते.

तिबेटची कथा तर अधिकच बोचणारी आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये तिबेटने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. हा विषय पटावर यावा म्हणून एल साल्वादोर या चिमुकल्या देशाने प्रस्ताव मांडला. सामोपचाराने मार्ग निघेल असे भारताच्या प्रतिनिधीने सांगितले आणि २४ नोव्हेंबरला तो विषय पुढे ढकलला गेला. मार्ग निघाला नाही. १९५९ साली दलाई लामा भारतात आश्रयास आले. बारा वर्षांच्या अंतराने एकाच देशाने दोन्ही बाजू अनुभविल्या : एकदा दाद मागणाऱ्याला थांब म्हणणाऱ्याची, आणि एकदा स्वतः दाद मागणाऱ्याची.

मदतीची नाणी कशी वाजवून घ्यावी लागतात, हे पाहण्यास दातिवऱ्याच्या लोकांना दूर जावयास नको. तुमच्या किनाऱ्यावर जुन्या कोटाचे अवशेष आहेत, समोर खाडीच्या पलीकडे अर्नाळा. १७३७ ते १७३९ या काळात हा सारा पट्टा, केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून घेतला आणि शेवटी वसईस वेढा पडला. वेढ्यात सापडलेल्या पोर्तुगिजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. तेही फिरंगी, हेही फिरंगी. इंग्रजांनी दारूगोळा दिला, माणसे देण्याचे नाकारले आणि १५,००० रुपये कर्जाऊ दिले, ते चर्चमधील चांदीची भांडी गहाण ठेवून घेऊन. मे १७३९ मध्ये वसई पडली. जुलैमध्ये इंग्रजांनी जिंकणाऱ्याशी व्यापाराचा तह करून टाकला. पोर्तुगिजांबद्दल अश्रू ढाळण्याचे आपणास कारण नाही. ते स्वतःच दुसऱ्याच्या भूमीवर बसले होते. तथापि, गहाणाची ती चांदी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण बोईसरच्या पलीकडचे. तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार अमेरिकेशी १९६३ साली झाला, म्हणजे शस्त्रांचा वाद चालू होता त्याच काळात. कर्ज अमेरिकेचे, यंत्रे अमेरिकेची, इंधनही अमेरिकेचेच. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. १९७४ साली भारताने पोखरणला अणुस्फोट केला, १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला, आणि ठरलेले इंधन देण्याबाबत खळखळ सुरू झाली. शेवटी १९८२ पासून फ्रान्सकडे जावे लागले. ज्या केंद्राच्या दिव्यांखाली तुमच्यापैकी कित्येकांनी नोकरी केली असेल, ते पुढे चालावे की विझावे याचा निर्णय काही वर्षे वॉशिंग्टनमध्ये होत होता. मदत घेऊ नये असे मी म्हणत नाही. केंद्र उभे राहिले, वीज मिळाली. पण इंधन कोणाच्या हाती आहे हे करारावर सही होण्यापूर्वी विचारणाऱ्यास आपल्याकडे कुरकुऱ्या म्हणतात, ते बरोबर नाही.

मदतीची एक दुसरी जातही असते. १९३७ पासून जपान चीनवर तुटून पडला होता. भारत स्वतः गुलाम होता. त्याच्याकडे देण्यास शस्त्रे नव्हती. तरीही १९३८ साली, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, लोकांकडून निधी जमवून पाच डॉक्टरांचे पथक मुंबईच्या बंदरातून चीनला गेले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे २७ वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. आपल्याच घरात औषध नसताना परक्याला डॉक्टर कशाला, हा प्रश्न अशा वेळी सहज सुचतो. त्याहून अवघड प्रश्न जपानचा होता. जपान हा बौद्ध देश, पाश्चात्त्यांना नमविणारा आशियाई देश. कवी नोगुची यांनी टागोरांना पत्र लिहून जपानच्या युद्धाचे समर्थन केले, आणि टागोरांनी ते मित्राला लिहावयाच्या सौम्य भाषेत, पण निःसंदिग्धपणे नाकारले. विजय मिळावा म्हणून जपानी सैनिक बुद्धमंदिरात प्रार्थना करतात, या बातमीवर त्यांनी कविताही लिहिली. नव्याने बौद्ध झालेल्या कुटुंबांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा असे मला वाटते. एखाद्या देशात विहारे आहेत एवढ्यावरून त्याची तलवार धम्माची होत नाही. कोटणीस परत आले नाहीत. आघाडीवरील रुग्णालयात काम करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले. १९६२ च्या डिसेंबरात त्यांच्या मृत्यूला २० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा चिनी तोफा थंडावून १८ दिवस झाले होते. त्या मरणाचे मोल चीनच्या स्वारीमुळे कमी झाले असे मी मानीत नाही. ते मरण जखमी माणसासाठी होते.

आता तुमच्या त्या कडवट शंकेचे उत्तर. १९६२ साली धम्म स्वीकारून आपल्या लोकांना सहा वर्षे झाली होती. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धास स्थान नव्हते. ते १९९० साली मिळाले. संरक्षण निधीस सोने द्या अशी हाक आली, तेव्हा ज्यांच्या अंगावर गुंजभर सोने नव्हते त्यांनी काय द्यावयाचे? अशा माणसाने ‘हा देश माझा नाही’ म्हटले असते तर आश्चर्य नव्हते. पण बाबासाहेबांनी तो मार्ग दाखविला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात काँग्रेसने मंत्रिमंडळे सोडली, तेव्हा हिटलरचा विजय हा दलितांचाही पराभव होय हे ओळखून ते युद्धप्रयत्नाच्या बाजूने उभे राहिले. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. मोठा प्रवाह उलट असताना त्यांनी हे केले आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. मत देण्याचा अधिकार मान मिळाल्यानंतर येत नसतो. जे मत देतात त्यांनाच पुढे मान मागता येतो.

आणि मत देणाऱ्यांचे काय होते, तेही १९६२ ने दाखविले. त्या वेळी पुकारलेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. युद्ध एक महिन्याचे, आणीबाणी पाच वर्षांहून अधिक. भारत संरक्षण कायद्याखाली चौकशीविना माणसे डांबली गेली. चिनी वंशाची सुमारे ३,००० माणसे, त्यांत बायका आणि मुले, राजस्थानातील देवळीच्या छावणीत पाठविली गेली. त्यांचा अपराध त्यांच्या चेहऱ्याखेरीज दुसरा नव्हता. केवळ जन्मावरून माणसाला बाजूस काढणे म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या भागात वारल्यांची वेठ मोडण्यासाठी १९४५ पासून झटलेले शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनाही त्या वर्षांत स्थानबद्धता भोगावी लागली. शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले होते. १९६५ साली स्थानबद्धतेतच त्यांचा अंत झाला. चीनविषयीचे त्यांच्या पक्षाचे मत मला मान्य नाही. परंतु मत चुकीचे असणे हा तुरुंगाचा गुन्हा होऊ शकत नाही.

याच कायद्याखाली मुंबईच्या तुरुंगात प्रभाकर पांडुरंग संझगिरी नावाचे साम्यवादी कार्यकर्ते होते. तेथे त्यांनी मराठीत एक शास्त्रीय पुस्तक लिहिले, ‘अणूच्या अंतरंगात’. अणूची रचना काय, एवढाच त्याचा विषय. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठविण्यास महाराष्ट्र सरकारने परवानगी नाकारली. संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. स्थानबद्ध माणसाचे स्वातंत्र्य कायद्याने जेवढे काढून घेतले असेल तेवढेच जाते, पुस्तक लिहून प्रसिद्ध करण्याचा त्याचा हक्क सरकारच्या मर्जीवर राहत नाही, असा निकाल देऊन न्यायालयाने ते अपील फेटाळले. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोरच्या बाजूने सरहद्द ओलांडली होती.